डाव्या पंखाचा पीळ

रघुवीर चिंदरकराने विमान बांधलं, असं लालबागेत आमच्या चाळीतल्या कुणालाही सांगा, त्याला थाप वाटायची नाही. कारण त्या विमानाच्या पंखाला आम्ही सगळ्यांनी पोट आत ओढून वाट दिली आहे. दुसऱ्या माळ्याची गॅलरी ती केवढी! समोरून कुणी बाई बादली घेऊन आली की पुरुषाने भिंतीला पाठ लावायची, एवढी. त्यात ह्याचा पंख उभा. आल्यागेल्याचं कोपर पत्र्याला लागू नये म्हणून रघुवीरच्या बायकोने, नलूने, जुन्या लुगड्याची झालर शिवून वरून घातली होती. गावाकडचे पाहुणे विचारायचे, हे काय झाकून ठेवलंय, कुणाचं कार्य आहे काय? नलू पिठाचा हात पुसत म्हणायची, "पंख आहे. डावा." उजवा कुठे असतो हे जसं काही सगळ्या जगाला ठाऊक.

मी त्यांच्या शेजारच्या, जिन्याकडच्या खोलीतला. मला सगळे धोंडूनाना म्हणतात. शाळा गावची, एकशिक्षकी. मास्तर भाताच्या लावणीला गेले की शाळाही लावणीला जायची. त्यामुळे लिहिताना माझी गाडी रूळ सोडते, ती ओढून आणायचं काम वाचणाऱ्यांनी करावं.

रघुवीर मला लहानपणापासून माहीत. बाप गिरणीत होता, ती बंद पडल्यावर बसून बसून गेला. पोरगा मात्र हाताचा चळवळ्या. दिवाळीत इतरांच्या दारात चांदण्यांचे कंदील, तर ह्याच्या दारात विमानाचा. वारा सुटला की तो कंदील एका बाजूला कलायचा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कलू दे, कंदीलच तर आहे. हा स्टुलावर चढून कधी शेपटीला कागद चिकटवी, कधी पंखाच्या कडेला मेण लावी, आणि खाली उतरून एक डोळा मिटून बघत बसे. फराळाला हाका मारून आई थकायची. शेवटी कंदील सरळ झाला की मग चिवडा. पुढे आयटीआयला पत्र्याचं काम शिकला आणि सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये लागला. विमानांच्या पोटाला ठिगळं लावायची, हा त्याचा धंदा. म्हणायचा, नाना, तुम्ही लोक विमान वरून बघता, मी ते उताणा झोपून बघतो.

कंपनी बुडाली. रघुवीर घरी बसला तेव्हा केस पिकायला लागले होते. एकुलती मुलगी मनवा, तिने शिष्यवृत्तीवर वैमानिकाचं लायसन काढलं होतं. पण लायसन काढलं म्हणून नोकरी मिळते असं नाही, आधी उडण्याचे तास लागतात म्हणे, आणि तासांसाठी विमान लागतं. पोरगी दादरला एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायला लागली. संध्याकाळी यायची ती चप्पल काढून थेट गॅलरीच्या कठड्याशी उभी राहायची आणि वर बघायची. बापाने ते बघितलं. त्यातून ते विमान निघालं. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, छोटं. नकाशे बाहेरून मागवले. परवानग्यांची गोष्ट सांगायला बसलो तर माझं आयुष्य पुरायचं नाही, तेव्हा ती सोडून देतो.

धड बांधलं परळला, एका गणपतीच्या कारखान्यात. विसर्जनानंतर तो मांडव कितीतरी महिने रिकामा असतो. मालक रघुवीरच्या वर्गातला, त्याने कोपरा दिला. पंख मात्र घरी. कारण पंखाला लागतात दोन माणसं, आणि दुसरं माणूस नलू.

ते काम कसं चालायचं ते सांगतो, पुढच्या गोष्टीला त्याची गरज आहे. पत्र्याला भोक पाडायचं, त्यात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा बिनआट्यांचा खिळा, घालायचा. एकाने बाहेरून हातोडीची बंदूक धरायची, दुसऱ्याने आतून रिव्हेटच्या शेपटीमागे एक लोखंडी ठोकळा घट्ट दाबून ठेवायचा. ठोकळा हलला की रिव्हेट वाकडा. रघुवीर बाहेरून म्हणणार, "धर." नलू आतून, "धरलाय." मग तर्रर्र असा आवाज. मग तो, "सोड." दुपारभर गॅलरीत हेच तीन शब्द. चाळीतली पोरं झोपली की काम बंद, हा नलूचा नियम. आणि एक गंमत. ज्या दिवशी त्या दोघांचं सकाळी भांडण झालेलं असायचं, त्या दिवशीचे रिव्हेट सर्वांत सरळ. मी तिला म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, "नाना, बोलायचं नसलं की माणूस नुसतं धरून ठेवतो."

पंख उभा राहायचा एका लोखंडी चौकटीत. जिग म्हणतात तिला. तिचे दोन खांब, एक मोरीकडे, एक जिन्याकडे, दोन्ही गॅलरीच्या लादीत बोल्टने पक्के. पंखाला पीळ पडू नये म्हणून हे दोन्ही खांब अगदी ताठ हवेत. त्यासाठी रघुवीर ओळंबा सोडायचा, गवंडी सोडतात तोच, सुतळीला पितळी लट्टू. रोज कामाला हात लावण्याआधी मोरीकडे एकदा, जिन्याकडे एकदा. लट्टू खुणेवर थांबला की मग नलूला हाक. देवाला दिवा लावावा तसं हे चुकत नसे. उजवा पंख असा झाला, तो परळला गेला. मग डावा. डाव्याचे सगळे पत्रे लागले, शेवटचा एक राहिला. तो लागला की पंख पेटीसारखा बंद होतो, आणि त्या क्षणी जसा उभा असेल तसा जन्मभर राहतो. हे वाक्य रघुवीरचं आहे, माझं नव्हे.

आणि आले गणपती. आता आमच्या चाळीचं असं आहे, की बाहेरचे लोक गणपतीला लालबागेत येतात आणि आम्ही लालबागेतून जातो. गावचा गणपती सुटत नाही. कुलपं लागतात, गॅलऱ्या ओस. निघायच्या सकाळी रघुवीरने ओळंबा सोडला, दोन्हीकडे खुणेवर. खूश झाला, म्हणाला, नाना, आलो की पंख बंद करतो. मग आम्ही सगळे एकाच गाडीतून गेलो. आरत्या झाल्या, उकडीचे मोदक झाले, नलूने फुगड्यांत आपल्या नणंदेला हरवलं.

परत आलो तर चाळीला टेकू. गॅलरी बरेच दिवस जिन्याच्या टोकाला खचत होती, अर्ज गेले होते. लोक नाहीत, अडचण नाही, हे बघून दुरुस्तीवाल्यांनी त्याच दिवसांत खालून खांब लावले आणि जॅकने त्या टोकाला गॅलरीची बाहेरची कड वर उचलून धरली. आम्हाला आनंद झाला. माझ्या खोलीचं दार कित्येक वर्षं लादीला घासायचं, उघडताना किरकिर, लावताना लाथ. त्या दिवशी बोटाने ढकललं आणि लागलं. मी ते दार चार वेळा उघडून मिटून सगळ्यांना दाखवलं. रघुवीरलाही दाखवलं. तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने नलूला हाक मारली आणि शेवटचा पत्रा लावायला घेतला. ओळंबा सोडला नाही. निघताना बघितलं होतं. मधे कुणी काम केलं नव्हतं, पंखाला हात लावला नव्हता, सगळ्या घरांना कुलूप होतं. मग बघायचं काय? गावाहून आलेल्या माणसाला असं वाटतं की आपण नव्हतो तेवढा वेळ इथलं सगळं थांबलेलं होतं. "धर." "धरलाय." "सोड." पंख बंद झाला, आम्ही पेढे खाल्ले, आणि चौघांनी खांदा देऊन तो पंख जिन्यावरून उतरवला. खांदा दिला असं मी तेव्हाही गमतीने म्हणालो होतो. नलूने मला दटावलं, नाना, काहीतरी बोलू नका.

पुढच्या श्रावणात ती गेली.

जिन्याकडच्या टोकाला दोरी बांधलेली होती, तिथे ऊन यायचं. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं म्हणून नलू चादरी घेऊन गेली. खाली टेकूचा पाय गटाराजवळच्या भुसभुशीत जमिनीत उतरत गेला होता, ते कुणी पाहिलं नव्हतं. गॅलरीचं ते टोक तिच्यासकट गेलं. मी आत चहा गाळत होतो. दार उघडून बाहेर पाऊल टाकणार, तर समोर लादीच नाही, एकदम समोरच्या चाळीची भिंत. खाली ती चादर तेवढी दिसत होती. जास्त लिहीत नाही.

चाळ रिकामी करायला लावली. आम्ही पांगलो. मी मुलाकडे माहीमला, रघुवीर आणि मनवा परळला एका खोलीत. रघुवीरने विमानाकडे बघणं सोडलं. कारखान्यात मूर्ती यायच्या, रंगायच्या, जायच्या, आणि ते धड प्लॅस्टिक पांघरून कोपऱ्यात पडलेलं. मनवाने ते सुरू केलं. एका रविवारी ती एकटीच जाऊन पंखावरची धूळ पुसायला लागली. झालरीच्या लुगड्यानेच. बापाला निरोप गेला, तो धावत आला, आणि त्याने पाहिलं की पोरगी पत्र्यावर हात फिरवून एकेक रिव्हेट चाचपतेय. म्हणाली, "बाबा, ह्यातल्या प्रत्येकाच्या मागे आईचा हात आहे. हे उडालंच पाहिजे." मग रघुवीर पुन्हा कामाला लागला. त्याच्या तोंडावर हसू काही परत आलं नाही, पण हात परत आले.

विमान घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं, ट्रकमध्ये पंख वेगळे, धड वेगळं. तिथे ते जोडलं. आधी उडवणार यशोधन सर. हे दादरच्या हिंदू कॉलनीतले निवृत्त प्रशिक्षक, मनवाला त्यांनीच शिकवलेलं. बोलणं अगदी छापील, आणि डोक्याला कायम टोपी. ते ठीक म्हणाले की मग मनवा उडवणार, असं ठरलं. मी गेलो होतो कारण घरी माझं कुणी ऐकत नाही.

उडालं. खरंच उडालं. मी गावच्या शाळेत विमान काढायचो ते डोंगराच्या वर, सूर्याच्या शेजारी, तसं गेलं. रघुवीर खाली बघत होता. उतरल्यावर सर म्हणाले, सगळं छान, पण एक खोड आहे. हात सोडला की डावीकडे कलतं. दांडा सतत उजवीकडे दाबून धरावा लागतो. अर्ध्या तासात मनगट भरून येतं.

मग कंदिलाचं प्रकरण सुरू झालं, फक्त मोठं. सरांचं म्हणणं, आधी वजन बघू. एकटा माणूस डाव्या खुर्चीत बसतो, म्हणजे डावी बाजू जड. उजव्या खुर्चीत तेवढंच वजन ठेवा. मी म्हटलं, मी बसतो. तर चाचणीत दुसरं माणूस चालत नाही. तेव्हा माझ्याऐवजी वाळूची पोती. रिकामी पोती मी लालबागेतून आणली, मसाला कांडप गिरणीतून मागून. पोती झटकली होती, तरी सर वर गेले आणि अर्ध्या वाटेवर शिंका द्यायला लागले. उतरले ते डोळे लाल, टोपी वाकडी. म्हणाले, "धोंडूनाना, आपल्या जागी आपणच बसला असता तर बरं झालं असतं." त्या दिवशी मनवा पहिल्यांदा मोकळी हसली. पण विमान डावीकडेच.

मग शेपूट. शेपटीचं सुकाणू जरा तिरकं असेल तरी विमान तिरकं चालतं आणि मग कलतं. समोरच्या काचेला लोकरीचा धागा चिकटवला, विमान सरळ चाललं तर धागा सरळ मागे उडतो. तो थोडा वाकडा निघाला. सुकाणूला छोटी पट्टी लावली, धागा सरळ झाला. कलणं तसंच. मग टाक्यांतलं पेट्रोल दोन्हीकडे सारखं केलं. मग उतरताना खाली सोडतात ते पंखाचे फ्लॅप जुळवले. मग पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी झडप असते, एलेरॉन म्हणतात, तिची कड रघुवीरने लाकडी पट्ट्यांत धरून हलकेच चिमटली. कड जाड राहिली तर हवा तिला ढकलते म्हणे. थोडा फरक पडला, थोडाच. रघुवीर प्रत्येक वेळी एक डोळा मिटून विमानाकडे बघत उभा. चिवड्याला हाक मारणारं मात्र कुणी नव्हतं.

शेवटी त्याने डाव्या एलेरॉनच्या पाठीवर एक निमुळती पट्टी चिकटवली. हवा तिच्यावर आपटते, झडप खाली दबते, पंख उचलला जातो. रोग तिथेच, दुखणं बंद. सर वर गेले, हात सोडले, विमान सरळ. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण सर लगेच उतरले नाहीत. उंचावर जाऊन त्यांनी इंजिन मंद केलं, नाक वर धरलं, वेग कमी कमी केला. आणि आम्ही खालून बघितलं, विमान एकाएकी उजव्या अंगावर कोसळलं, उलथंपालथं होऊन, मग सावरलं.

उतरल्यावर सरांनी टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "पट्टी एका वेगाला सांभाळून घेते. हळू झालं की उघडं पडतं. उजव्या पंखाचा कोन डाव्यापेक्षा जास्त आहे, तो आधी दमतो. हे जमिनीजवळ झालं तर सावरायला खाली हवा उरत नाही. दोष झडपेत नाही, रघुवीर. पंखातच पीळ आहे."

रघुवीरने दोन सरळ फळ्या मागितल्या. एक डाव्या पंखाच्या मुळाशी आडवी धरली, एक टोकाशी, आणि खिशातून ओळंबा काढला. मी त्याच्या मागे उभा होतो. दोन फळ्या समांतर दिसायला हव्या, त्या नव्हत्या. टोकाची फळी पुढे झुकलेली, नुसत्या डोळ्याला दिसेल एवढी. त्याने उजवा पंखही तसाच बघितला. तो चोख. पुन्हा डाव्याकडे आला. टोकाला हात लावला. मग मला विचारलं, अगदी हळू, "नाना, तुमचा दार त्या वर्षी घासायचा बंद झाला, नाय?"

मी म्हटलं, हो रे, टेकू लागले तेव्हा. आणि म्हणता म्हणता मला कळलं. पंखाचं टोक जिन्याकडे होतं. जॅकने गॅलरीची कड उचलली तेव्हा लादी तिरकी झाली, लादीबरोबर जिगचा खांब, खांबाबरोबर पंखाचं टोक. आणि तसाच तो बंद झाला.

"ओळंबो सोडूक व्हयो होतो," तो म्हणाला. सुतळी गुंडाळून ओळंबा खिशात घातला.

मला वाटलं, पंख बिघडला म्हणून बोलतोय. परतीच्या गाडीत त्याचं तोंड बघितलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. लादी किती उचलली गेली, म्हणजेच आधी ती किती खचली होती, हे त्या लट्टूने त्याला त्या सकाळी दाखवलं असतं. आम्हा बाकीच्यांना फक्त दार लागलेलं कळलं. त्याला आकडा कळला असता. पत्र्याच्या कामात केसाएवढा फरक न चालवणाऱ्या माणसाने त्या टोकाला नलूला पाऊल टाकू दिलं नसतं. गॅलरी गेली, चाळ गेली, आता तिथे पत्रे ठोकलेत. ती लादी कशी होती याची साक्ष जगात एकाच जागी उरली होती, आणि ती त्याने स्वतः रिव्हेट मारून बंद केली होती.

उपाय एकच होता. शेवटच्या पत्र्याचे रिव्हेट ड्रिलने काढायचे, पंख उघडायचा, पीळ काढून ताठ उभा करायचा, आणि पुन्हा बंद करायचा. विमान परळला परत आलं. मूर्तींचा हंगाम नव्हता, मांडवात नुसते रिकामे पाट आणि प्लास्टरचा वास. मी एका पाटावर बसलो होतो. रघुवीरने ड्रिलला पातं लावलं आणि मनवा पंखासमोर येऊन उभी राहिली.

ती म्हणाली, काढायचे नाहीत. पट्टी राहू दे. उतरताना ती जास्त वेग ठेवील, लांब धावपट्टी घेईल. असं कितीतरी लोक उडवतात. सर उडवणार नसतील तर ती उडवील. आईने धरलेला एकही रिव्हेट निघणार नाही.

रघुवीरने समजावून बघितलं. सर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, जोखीम तिची आहे. तो म्हणाला, पंख पुन्हा बांधू. ती म्हणाली, आई पुन्हा धरायला येणार आहे का?  मला वाटलं, तो हरला. ट्रक करून पुन्हा घाटावर नेलं की ती ते विमान एकटीही उडवू शकत होती, आणि तिचा स्वभाव नलूचा, एकदा धरलं की सोडायचं नाही. मी पाटावरून उठणार होतो, काहीतरी गोष्ट सांगून वेळ मारून न्यायला. त्याने हाताने मला बसवलं.

ड्रिल खाली ठेवलं. मुलीशी तो एरवी मुंबईचं मराठी बोलायचा. त्या दिवशी घरचं बोलला.

"बाय, ह्यो पीळ पंखाचो नाय. गॅलरीचो आसा."

तिने विचारलं, म्हणजे काय? त्याने सगळं सांगितलं. टेकू, लादी, खांब. निघताना सोडलेला ओळंबा आणि आल्यावर न सोडलेला. काही आडपडदा ठेवला नाही, आवाजही चढला नाही. एखाद्या कारागिराने दुसऱ्याला बिघाड समजवावा तसं. मी खाली बघत होतो. लादीवर प्लास्टरचे थेंब वाळलेले.

 मनवाने दोनच गोष्टी विचारल्या.

"तुम्ही त्या दिवशी ओळंबा सोडला असता तर कळलं असतं?"

"होय."

"आणि मग आई तिथे चादरी घालायला गेली असती?"

"नाय."

तिने पंखावरचा हात काढून घेतला. तापलेल्या तव्यावरून काढतात तसा. लुगड्याची झालर घडी करून पाटावर ठेवली, माझ्या शेजारी, आणि गेली. रघुवीर थांबला, तिची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर ड्रिल उचललं. एकेक रिव्हेटचं डोकं उडत गेलं. त्याचा भुगा त्याने सुपलीत झाडून गोळा केला. पुढे कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

बाप-लेक एका खोलीत राहत होते, पण बोलणं बंद. डबा ती करून ठेवायची, तो खायचा. पंख उघडला, जिगमध्ये ताठ केला. ही जिग कारखान्याच्या काँक्रीटमध्ये रोवलेली, तरी रघुवीर सकाळी एकदा, जेवून आल्यावर एकदा, चहाला उठून आला तरी एकदा, ओळंबा सोडायचा. मी शिंकलो तरी सोडेल असं वाटायचं. मग पत्रा बंद करायची वेळ आली आणि ठोकळा धरायला कुणी नाही. मी धरला. माझे हात ते, कंप पावणारे. पहिला रिव्हेट वाकडा, दुसरा वाकडा. त्याने न बोलता ते दोन्ही काढले. तिसऱ्याला मी डोळे मिटून धरत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातून ठोकळा घेतला.

मनवा ऑफिसातून तशीच आली होती, खांद्याला पर्स. ती पर्स माझ्या गळ्यात अडकवली आणि पंखामागे जाऊन बसली. रघुवीरला ती दिसत नव्हती, पत्रा मधे. त्याने बंदूक तिसऱ्या रिव्हेटवर टेकवली.

"धर," तो म्हणाला.

"धरलाय."

तर्रर्र.

"सोड."

शेवटच्या रिव्हेटपर्यंत ते दोघं ह्या तीन शब्दांपलीकडे गेले नाहीत. रिव्हेट सगळे सरळ आले. मी पर्स सांभाळत बसलो होतो, आणि मला नलूचं ते भांडणाच्या दिवसाचं बोलणं आठवत होतं, पण मी ते सांगितलं नाही. न सांगितलेली माझी बहुतेक तेवढी एकच गोष्ट असेल.

पुन्हा घाट, पुन्हा ट्रक. पट्टी काढून टाकली होती. आधी यशोधन सर गेले, उंचावर वेग कमी करून बघितलं. विमान नाक खाली घालून शहाण्यासारखं सरळ उतरलं, ना डावीकडे, ना उजवीकडे. मग त्यांनी मनवाकडे मान हलवली आणि ती एकटी गेली. उजव्या खुर्चीत माझी पोती, ह्या वेळी धुतलेली.

ती वर असताना रघुवीर ह्या वेळी खाली बघत नव्हता. वर बघत होता, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिने आमच्यावरून एक लांब फेरी मारली. काचेतून तिचे दोन्ही हात वर केलेले दिसले, दांडा सोडलेला. विमान रेघ मारल्यासारखं गेलं.

उतरली. इंजिन बंद झालं, काच उघडली. रघुवीर पंखाच्या टोकाशी, हात लांब केला तर तिला लागेल एवढ्यावर उभा. तिने हेडफोन काढले, केस सारखे केले, आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नाना, बाबांना सांगा, सरळ जातं."

त्याने ऐकलं होतं. तरी तो माझ्याकडे वळला आणि थांबला, मी सांगायची वाट बघत. मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि रुमाल काढून पंखाचं टोक पुसायला लागला.